आधी त्याले सांग

कौसल्या सिस्टर गेल्याची बातमी मला एसटीत कळली. भंडाऱ्याची सकाळची गाडी होती, मांडीवर नोट्सची वही उघडी होती आणि अकरा वाजता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा पेपर होता. कंडक्टर आमच्याच बाजूचा, त्याच्या दोन्ही मुलांची वजनं सिस्टरांनीच केलेली. तिकिटाला चिमटा मारता मारता तो म्हणाला, "वहिनी, तुमची सिस्टर गेली म्हन्ते नं?" मी विचारलं, कुठे? बदली झाली असेल असंच मला वाटलं. तो पुढच्या माणसाचं तिकीट फाडायचं थांबला... "कारध्याले, भावाच्या घरी. चार दिवस झाले. तुमाले कोनं सांगतलं नाही काय?" मला कोणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? मी त्यांची नातेवाईक नव्हते आणि दवाखान्यातलीही नव्हते. पुलाच्या अलीकडे कारध्याला गाडी थांबली, चार माणसं उतरली, दोन चढली. मी उतरले नाही. पूल ओलांडून भंडाऱ्याला गेले आणि तीन तास पेपर लिहिला. काय लिहिलं ते आठवत नाही. पण सिस्टरांबद्दल लिहायला बसले की आधी हेच लिहावंसं वाटतं, की मी उतरले नाही.

त्या आमच्या भागातल्या एका लहान दवाखान्यात नर्स होत्या. वीसेक वर्षं तिथेच होत्या. त्यांच्यावर कुठे दोन ओळी छापून आल्याचं मी पाहिलं नाही. मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. मागे एकदा मी त्यांच्यासाठी लिहिलं होतं, त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

माझा मुलगा दिलीप दहा महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. माझे वडील मागावर लुगडी विणत, सासरी धानाची शेती. दोन्ही घरांत माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. पहिलं वर्ष लग्नाआधी झालं होतं, उरलेलं सासरच्यांनी करू दिलं, याचं मला फार मोठं ओझं वाटे. मुलांचे डॉक्टर दर गुरुवारी भंडाऱ्याहून आमच्या दवाखान्यात येत. ते येत अकराला आणि बाया येत सातला, कारण परतीच्या गाड्यांचा भरवसा नसे. चार तास व्हरांड्यात पन्नास बाया लेकरं घेऊन बसलेल्या, लेकरं रडताहेत, आणि कंपाउंडर दर दहा मिनिटांनी दारातून ओरडतोय, "पोट्टे गप करा वो! बजार हाय काय इथं?" बाया लेकरांना पदराखाली घेत, थोपटत, चापट्या मारत. आणीबाणी संपून फार दिवस झाले नव्हते. पांढरी साडी जवळ आली की बाया मागे सरकत. ही आता नसबंदीच्या ऑपरेशनचं काढणार, हीच सगळ्यांच्या मनात धास्ती.

सिस्टर वजनकाट्यापाशी होत्या. ठेंगण्या, आवाज खरखरीत, बोलणं तोडून टाकणारं. माझा नंबर आला तसं त्यांनी दिलीपला हातात घेतलं, त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "किती बोलते हा?"

"अजून बोलत नाही. दहाच महिन्यांचा आहे," मी म्हणाले.

"त्याचं नाही विचारून राहिली मी. तू किती बोलते त्याच्यासंग?"

मी गोंधळले. त्याला काय समजतं, असं काहीतरी पुटपुटले. माझ्या हातात कॉलेजची वही होती, ती त्यांनी पाहिली. "कालेजात मास्तर बोलते ते सारं समजते काय तुले? तरी बसतेच ना आयकत?" मागच्या बाया हसल्या. मला राग आला. खरं सांगायचं तर फार राग आला, कारण दिलीप शांत आहे म्हणून घरात त्याचं कौतुक होतं. आमच्याकडे सून आपल्या लेकराला मामाजींसमोर, म्हणजे सासऱ्यांसमोर, लाडानं बोलत नाही, ते निर्लज्जपणाचं समजतात. दूध पाजावं, धुवावं, पाळण्यात टाकावं. मी त्याला पाळण्यात टाकायची आणि बाजूला बसून मनातल्या मनात वाचायची. तो आढ्याकडे बघत पडून राही. "गुनाचं पोट्टं हाय, आवाज नाही करत," असं सारे म्हणत, आणि मीही मनातून खूश असे, कारण माझा अभ्यास होई. मानसशास्त्र हा माझा विषय होता... बालकाच्या वाढीवरचा धडा मी त्या पाळण्याशेजारी बसून पाठ केला होता.

सिस्टरांची रीत एकच होती आणि ती सांगायला एक वाक्य पुरतं. लेकराला काट्यावर टाकण्याआधी त्याला ते सांगायचं. बाईनं स्वतः, तोंडानं, लेकराच्या डोळ्यांत बघून. "आता तुले काट्यावर बसवतो, थंडं लागन, मंग उचलतो." सांगितलं नाही तर सिस्टर वजनच करत नसत. "आधी त्याले सांग," म्हणून हात मागे बांधून उभ्या राहत. मग त्या वाट बघत. बाई लाजून खाली बघे, मागची रांग कुरकुरे, आतून कंपाउंडर ओरडे, तरी ह्या उभ्याच. शेवटी बाई काहीतरी बोले आणि लेकरू तिच्या तोंडाकडे बघू लागे. "पाहिलं? आयकून राहिलं का नाही?" एवढंच त्यांचं शिक्षण. वजन झालं की त्या बाईला तिथेच सतरंजीवर बसवून घेत. डॉक्टर येईपर्यंतचे चार तास होतेच, ते कोणाच्या कामाचे नव्हते. तिथे भाषण नसे. एकीनं लेकराला पाय दाखवायचे, एकीनं रस्त्यावरचे बैल दाखवायचे, एकीनं काल काय रांधलं ते सांगायचं. बायांना वेळ नसतो, धानाच्या रोवणीच्या दिवसांत तर श्वास घ्यायलाही नसतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून "लेकराले वेळ द्या" असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. म्हणत, "हात कामात हायेत ना? तोंड तं रिकामंच हाय!"

सुनांना बोलता येत नाही, हे ही रीत सुरू केल्यावर पहिल्या महिन्यातच त्यांच्या ध्यानात आलं होतं. सोबत सासू असे. सासूसमोर लेकराशी बोलायची कोणाची छाती नव्हती. दुसरी एखादी असती तर सासवांना बाहेर बसवलं असतं. यांनी उलट केलं. सुनेला बाजूला बसवलं आणि सासूला पुढे ओढलं. माझ्या सासूबाईंची एका गुरुवारची झटापट मला शब्दन्‌शब्द आठवते.

"सात लेकरं वाढवले म्या," सासूबाई म्हणाल्या. "एकालेबी कधी सांगून नाही केलं काही."

"म्हनून तं सातातला एकही तुमचं आयकत नाही, आजीबाई," सिस्टर म्हणाल्या.

व्हरांडा हसला. सासूबाईंना हसू आवरलं नाही, कारण ते खरं होतं. त्यांनी दिलीपला उचललं आणि, "पाह्य रे बापा, ही बाई तुले तराजूत घालते म्हन्ते, कांद्यावानी," असं ठसक्यात सांगितलं. दिलीप त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला आणि मग त्याने हात वर करून त्यांच्या नथीला लावला. त्या दिवसापासून घरात सासूबाईंची टकळी सुरू झाली. सूप घेतलं की सांगणार, चूल पेटवली की सांगणार, कोंबड्या हाकलल्या की सांगणार. आजीनं बोललेलं मामाजींना चालत होतं. आणि आजी बोलते म्हटल्यावर हळूहळू मीही बोलू लागले. दीड वर्षाचा होईस्तोवर दिलीप आमच्यामागे इतकी बडबड करू लागला, की सासूबाई म्हणत, "सिस्टरले वापस करून ये याले."

हे सगळं कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हतं. रजिस्टरात वजनाचा रकाना होता, लशीचा होता, 'केसेस'चा होता. महिन्याच्या बैठकीत सिस्टरांना विचारत ते ऑपरेशनच्या केसेसबद्दल, आणि त्यात त्या नेहमी मागे. एकदा मी त्यांना विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? त्या म्हणाल्या, "कोनं नाही. आणीबाणीच्या त्या दोन सालांत मी लय बोलली बायांसंग. धाक दाखवून बोलली, ऑपरेशनले आनल्याही काही. त्यातली एक मंग कधी लेकरू घेऊन आलीच नाही दवाखान्यात. तिचं लेकरू गेलं गोवरात..."

दोनेक वर्षांनी आरोग्य खात्याचे मोठे साहेब तपासणीला आले, तोही गुरुवार होता. रांग हळू सरकते आहे आणि सतरंजीवर म्हाताऱ्या बाया लेकरांशी गप्पा मारताहेत हे बघून त्यांनी विचारलं, हे काय चाललंय? ते वाईट नव्हते, हे मला लिहिलं पाहिजे. सिस्टरांचं त्यांनी उभ्याउभ्या दहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, चांगलं आहे, लिहून द्या, आपण सगळीकडे करू. सिस्टर इतक्या खूश झालेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. त्याच संध्याकाळी आमच्या घरी आल्या, ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "तू लिही. तू कालेजवाली हायेस. मी सांगतो तसं लिही." त्यांनी सांगितलं ते पाऊण पानाचं होतं. लेकराला काट्यावर टाकण्याआधी त्याला सांगावं. सासूला आधी बसवावं. डॉक्टर येईपर्यंतचा वेळ वापरावा. सतरंजी एक लागते. बस.

मी ते पाऊण पान वाचलं आणि मला लाज वाटली. खोटं कशाला सांगू... मला वाटलं, एवढ्या मोठ्या साहेबांना असं कसं पाठवायचं? ते हसतील. मी चार दिवस बसले. मानसशास्त्राचं पुस्तक काढलं. फुलस्केपचे पाच कागद लिहिले, अक्षर कोरून, समास आखून. 'मातृप्रशिक्षण उपक्रम' असं नाव दिलं. सतरंजीचं 'प्रशिक्षण केंद्र' केलं. 'शिशूंच्या मानसिक व भाषिक विकासाचे शास्त्रीय मार्गदर्शन' असं एक वाक्य होतं, त्याचा मला फार अभिमान होता. सासवांचा उल्लेख मी काढूनच टाकला, तो गावंढळ वाटला म्हणून. सिस्टरांनी सगळं वाचलं, दोनदा वाचलं. म्हणाल्या, "हे माहं नाही वाटून राहिलं बापा." मग माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "पन तुले समजते त्यातलं." आणि सही केली.

उत्तर सात महिन्यांनी आलं. सदर उपक्रम हा शास्त्रीय प्रशिक्षणाच्या स्वरूपाचा असल्याने तो अर्हताप्राप्त व्यक्तीकडूनच राबवला जाणे योग्य. तसे पद मंजूर होईपर्यंत संबंधित परिचारिकेने तो त्वरित बंद करावा. मोठ्या साहेबांची बदली झाली होती, सही दुसऱ्याच कोणाची होती. सतरंजी गुंडाळून भांडारात गेली. काट्यावर नवी मुलगी आली, सिस्टरांना इंजेक्शनच्या खोलीत नेलं. रांग झरझर सरकू लागली. कंपाउंडर मला म्हणाला, "आता कसं शिस्तीत हाय!" ते पद पुढे मंजूर झालं नाही. मी तरी झालेलं ऐकलं नाही.

मी काय काय केलं ते सांगून काही उपयोग नाही, तरी सांगते. सिस्टरांचं ते पाऊण पान जसंच्या तसं पुन्हा पाठवलं. उत्तर नाही. परत पाठवलं. मग एक दिवस कॉलेज बुडवून भंडाऱ्याच्या कचेरीत गेले. दोन तास बाकावर बसल्यावर बाबूंनी विचारलं, "तुम्ही कोण? अर्जदार?" नाही म्हटलं. "अर्जदाराच्या नात्यातल्या?" नाही. "मग कोण?" मी म्हणाले, आई आहे. "कोणाची आई? अर्जदाराची?" शेजारचे हसले. एका मुलाची, म्हटलं, त्या दवाखान्यातल्या. त्यांनी फाईल बांधली आणि म्हणाले, "बाई, आईचा रकाना नाही ह्याच्यात." मला तिथे रडू यायला नको होतं, पण आलं.

सिस्टर मला कधी रागावल्या नाहीत, आणि त्याचाच मला जास्त त्रास होई. एकदाच टोमणा मारला, "तुह्या कागदात मीच नापास झाली वं." मी मात्र त्यांच्यावर रागावले. म्हणाले, तुम्ही भांडत का नाही? इतक्या भांडकुदळ तुम्ही, स्वतः हात मागे बांधून बायांना तासभर उभं ठेवता, आणि एका कागदासमोर गप्प? त्या इंजेक्शनच्या सुया उकळत होत्या. पातेल्याकडे बघतच म्हणाल्या, "कागदासंग कसं बोलावं, थे मले येत नाही. तुले येते, पन..." त्यानंतर माझं त्यांच्याकडे जाणं कमी झालं. दिलीप मोठा झाला होता, काही कारण उरलं नव्हतं असं मी स्वतःला सांगत असे. मधल्या काळात मी दोनदा नापास झाले, धाकटी झाली, कॉलेज तीन वर्षं सुटलं. गेल्या वर्षी भंडाऱ्यात एका कार्यक्रमाला गेले होते. बाहेरून आलेल्या पाहुण्या मुलांच्या वाढीवर बोलल्या. मूल लहान असल्यापासून त्याच्याशी बोलायला हवं, असं त्या म्हणाल्या तेव्हा टाळ्या वाजल्या. मी उठून बाहेर आले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण मला तिथे बसवेना.

शेवटची भेट एसटी स्टँडवर झाली. त्या रजा काढून भावाकडे चालल्या होत्या, पोटात दुखतं म्हणाल्या, फार वाळल्या होत्या. "झाली का पास?" त्यांनी आधी तेच विचारलं. यंदा शेवटचं वर्ष, म्हटलं. "अन्‌ पोट्टा?" चौथीत आहे, म्हटलं, फार बोलतो, गुरुजींची तक्रार आहे. "मंग दे दोन रट्टे," म्हणाल्या आणि हसल्या. गाडी लागली. मला त्या कागदाबद्दल माफी मागायची होती, तेवढ्यात त्या पायरीवर चढल्या. खिडकीतून काही तरी म्हणाल्या, ते इंजिनाच्या आवाजात कळलं नाही. मी नुसती मान हलवली.

परीक्षा संपल्यावर एका गुरुवारी मी धाकटीचा डोस घेऊन येते म्हणून दवाखान्यात गेले. डोस बाकी होताच, पण कारण ते नव्हतं. काट्यावरची रांग झरझर सरकत होती, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. इंजेक्शनच्या खोलीपुढे मात्र रांग अडली होती. मला बघून कंपाउंडर वैतागून म्हणाला, "तुमच्या बाईनं बिघडवून ठेवलं सारं. काट्यावर बंद केलं तं इथं आत, पडदा लावून. पाच सालं! एका सुईले दहा मिनिटं. आमाले वाटे, हात थरथरत असन म्हातारीचा." मी तिथल्या बाकावर बसले. पाच वर्षं. मी दर दोन-चार महिन्यांनी त्यांना भेटत होते, समोर बसून कचेरीला शिव्या देत होते, आणि त्यांनी एका शब्दाने मला हे सांगितलं नाही. आधी फार वाईट वाटलं. मग कळलं, का नाही सांगितलं ते. मी ते लिहून काढलं असतं.

आताही लिहितेच आहे... म्हणून दवाखान्याचं नाव या लेखात कुठे नाही.

त्या खोलीत आता नवीन सिस्टर आहेत. तरुण आहेत, नागपूरकडच्या, कामाला चटपटीत. हिरवा पडदा तसाच आहे, पण त्या तो बाजूला सारून ठेवतात, उजेड येतो म्हणून. त्यामुळे बाकावरून मला आतलं दिसत होतं. कुठल्याशा खेड्यातली एक बाई स्टुलावर बसली होती, लुगड्याच्या घोळात वर्षाचं लेकरू, शेजारी तिची सासू. सिस्टरांनी सुई भरली, कापूस घेतला आणि लेकराची मांडी धरायला हात पुढे केला. त्या बाईने लेकराला उलटं फिरवून स्वतःकडे घेतलं. सिस्टर म्हणाल्या, "अहो, धरा नीट, मागे लाइन आहे केवढी!" बाईने मान वर केली नाही. सासूच बोलली.

"थांबा ना वो सिस्टर जराशा. त्याले सांगून राहिली ना ते."